नोटिशीविना फेरफार

गावात दोन गुंठ्यांचा फेरफार नोंदवायचा झाला तरी तलाठ्याला संबंधितांना नोटीस काढावी लागते. हरकत घ्यायला पंधरा दिवस मिळतात, त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. नोटीस खरंच पोचते का, आणि पोचली तर तिच्यातली सरकारी मराठी कुणाला उमगते का, हे प्रश्न आहेतच. पण आपल्या सातबाऱ्यावर दुसऱ्याचं नाव चढणार असेल तर ते आपल्याला आधी कळलं पाहिजे, एवढं तत्त्व तरी कायद्यानं मान्य केलंय.

आता दुसरी एक नोंद बघा. 31 मार्च 2021 रोजी भारतीय आयुर्विमा महामंडळाचं, म्हणजे आपल्या एलआयसीचं, अंतर्भूत मूल्य 95,605 कोटी रुपये होतं. सहा महिन्यांनी, 30 सप्टेंबर 2021 रोजी, तेच 5,39,686 कोटी रुपये झालं. साडेपाच पटींहून जास्त. मधले महिने कोविडच्या दुसऱ्या लाटेचे होते. एजंट घराबाहेर पडू शकत नव्हते आणि मृत्युदावे वाढले होते. शेअर बाजार त्या काळात चढला हे खरं, पण तो काही पाचपट चढला नव्हता.

अंतर्भूत मूल्य, इंग्रजीत ज्याला एम्बेडेड व्हॅल्यू म्हणतात, ते म्हणजे मालकाच्या वाट्याची आजची निव्वळ मालमत्ता, अधिक चालू पॉलिसींमधून पुढे त्याला मिळेल अशा नफ्याची आजची अंदाजी किंमत. यात ‘मालकाच्या वाट्याची’ हा शब्द महत्त्वाचा. एलआयसीकडे जे होतं ते सहा महिन्यांत पाचपट झालं नाही. त्यातलं मालकाचं किती, याचं उत्तर बदललं. एकत्र कुटुंबाच्या घरात मधोमध भिंत घातली की घर वाढत नाही, पण एका भावाचा हिस्सा वाढू शकतो. ही भिंत विटांची नव्हती, वहीतली होती.

मी बी.कॉम.च्या वर्गाला विमा कंपन्यांची खाती शिकवतो. मुलांचा सगळा जीव महसूल खातं आणि नफातोटा खातं, म्हणजे फॉर्म ए-आरए आणि फॉर्म ए-पीएल, यांच्या रकान्यांवर असतो, कारण परीक्षेत तेच येतं. लेखाधोरणं, म्हणजे पत्रकांच्या शेवटी बारीक अक्षरात दिलेल्या टिपा, कुणी वाचत नाही. वर्गात मीही त्या एका तासात उरकतो. साखर कारखान्याच्या बाबतीत ते चालून जातं. यंत्रावरचा घसारा सरळ रेषेनं धरा की घटत्या शिलकीवर धरा, गोदामातल्या साखरेचं एक पोतं इकडचं तिकडे होत नाही. पण आयुर्विम्याचा धंदाच असा की खरा नफा किती झाला हे कळायला पंचवीस-तीस वर्षं जावी लागतात. पॉलिसी आज विकली, शेवटचा दावा 2050 मध्ये द्यायचा. मधल्या काळात दरवर्षी ‘यंदा इतका नफा झाला’ असं जे सांगितलं जातं, तो एक ठरवून केलेला अंदाज असतो. अंदाज कसा करायचा आणि झालेली शिल्लक कुणाच्या खात्यावर टाकायची, हे लेखाधोरण ठरवतं. म्हणून आयुर्विमा कंपनीच्या बाबतीत लेखाधोरण हे वाटणीपत्र असतं आणि ते वाटणीपत्रासारखंच हाताळलं गेलं पाहिजे, असं माझं म्हणणं आहे.

अंदाज किती लवचीक असतो, हे एका छोट्या हिशोबात दिसतं. वीस वर्षांनी एखाद्याला एक लाख रुपये द्यायचे आहेत. आज त्यासाठी किती बाजूला ठेवायचे? गुंतवणुकीवर सहा टक्के मिळतील असं धरलं तर 31,180 रुपये. सात टक्के धरले तर 25,842. एका टक्क्याच्या फरकानं आजची देणी सहाव्या हिश्श्यानं कमी झाली, आणि कमी झालेली देणी म्हणजे वाढलेली शिल्लक. यात ना खोटं व्हाउचर, ना चोरी. मृत्युदर किती, किती जण मध्येच हप्ते थांबवतील, खर्च किती वाढेल, या सगळ्याचेही असेच अंदाज असतात. हे करणारा माणूस म्हणजे नियुक्त ॲक्च्युअरी, विमा गणितज्ञ. आणि लेखापरीक्षक? कुठल्याही आयुर्विमा कंपनीचा ऑडिट रिपोर्ट उघडा. त्यात एक परिच्छेद हमखास सापडेल: पॉलिसींच्या देण्यांचं मूल्यांकन ही नियुक्त ॲक्च्युअरीची जबाबदारी आहे, त्यांनी प्रमाणपत्र दिलं आहे आणि आम्ही त्यावर विसंबलो आहोत. म्हणजे ताळेबंदातला सर्वांत मोठा आकडा सीए मंडळी तपासत नाहीत, त्यावर दुसऱ्याची सही आहे एवढंच बघतात. व्यवस्था बेकायदा नाही, ती तशीच घडवलेली आहे. पण ‘ऑडिट झालंय ना, मग काय’ असं म्हणणाऱ्यांनी हा परिच्छेद एकदा वाचावा.

आता भिंतीकडे येऊ.

1956 मध्ये चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना खासगी आयुर्विमा कंपन्या आणि प्रॉव्हिडंट सोसायट्या मिळून 245 संस्था सरकारनं ताब्यात घेतल्या आणि 1 सप्टेंबरला महामंडळ सुरू झालं. सरकारनं घातलेलं भांडवल 5 कोटी रुपये. महामंडळाच्या कायद्याच्या कलम 24 प्रमाणे सगळा पैसा एकाच फंडात जायचा. कलम 28 प्रमाणे मूल्यांकनानंतर जी शिल्लक निघेल तिच्यातले किमान 95 टक्के पॉलिसीधारकांचे, उरलेले सरकारचे. फंड एकच असल्यामुळे ही शिल्लक कुठून आली हा प्रश्नच नव्हता. एजंटांच्या भाषेत पॉलिसी दोन प्रकारच्या: बोनसवाली आणि बिनबोनसची. मुदतीचा विमा, पेन्शनच्या ॲन्युइटी, समूह योजना यांतल्या बऱ्याचशा बिनबोनसच्या. त्यांच्यात ठरलेली रक्कम मिळते, नफ्यात वाटा नाही. पण त्यांच्यावर महामंडळानं जे कमावलं तेही त्याच एका फंडात साचायचं आणि त्यातून बोनसवाल्यांचा हजारी बोनस, म्हणजे विमा रकमेच्या दर हजारामागे मिळणारा बोनस, निघायचा. ज्यानं 1990 मध्ये वीस-पंचवीस वर्षांची पॉलिसी घेतली, त्याला कळो न कळो, तो या संपूर्ण घराचा 95 टक्क्यांचा वाटेकरी होता.

2021 च्या वित्त कायद्यानं ही दोन्ही कलमं बदलली. फंड दोन झाले, बोनसवाल्यांचा वेगळा आणि बिनबोनसवाल्यांचा वेगळा. बिनबोनसच्या फंडातली शिल्लक शंभर टक्के भागधारकांची, म्हणजे सरकारची आणि पुढे जे एलआयसीचे शेअर घेतील त्यांची. बोनसवाल्या फंडातही भागधारकांचा वाटा 5 वरून 2022-23 पासून साडेसात आणि 2024-25 पासून 10 टक्के. या दुसऱ्या बदलाकडे पाहून ‘पाचच टक्क्यांचा तर फरक’ असं म्हणतात. एका बाजूला 95 चे 90 झाले, हे खरं. दुसऱ्या बाजूला 5 चे 10 झाले, म्हणजे दुप्पट. पण खरा फेरफार पहिला होता. बिनबोनसच्या फंडावरचं पॉलिसीधारकाचं नाव कमी झालं आणि तिथे भागधारकाचं चढलं. अंतर्भूत मूल्याची ती उडी मुख्यतः याच नोंदीची.

ही कागदावरची अंदाजी किंमत आहे, रोख रक्कम कुणी उचलून नेलेली नाही, असं यावर सांगितलं जातं, आणि 2021 पुरतं ते बरोबर होतं. पुढच्या वर्षी मात्र कागदावरचं रूपांतर नफ्यात झालं. सप्टेंबर 2022 च्या तिमाहीत एलआयसीचा नफा 15,952 कोटी रुपये लागला. आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीत तो 1,434 कोटी होता. दहापटीच्या बातम्या झाल्या, शेअर वधारला. निकालाच्या टिपेत कारण दिलं होतं: लेखाधोरणात बदल. बिनबोनसच्या फंडात सॉल्व्हन्सी मार्जिनवर, म्हणजे देण्यांपेक्षा जास्त राखून ठेवायच्या मालमत्तेवर, जी वाढ झाली होती, ती आता भागधारकांच्या खात्यात वर्ग करण्याचं ठरलं, आणि त्यानुसार 14,271.80 कोटी रुपये वर्ग झाले. गंमत अशी की या रकमेतले फक्त 5,580.72 कोटी त्या तिमाहीचे होते. 4,148.77 कोटी आदल्या तिमाहीचे आणि 4,542.31 कोटी तर मार्च 2022 च्या, म्हणजे मागच्या आर्थिक वर्षातल्या तिमाहीचे. संपूर्ण 2022-23 चा नफा 36,397 कोटी, त्यातले 27,240 कोटी या एका धोरणाचे. त्याच्या आदल्या वर्षीचा नफा होता 4,043 कोटी.

माझ्या एका विद्यार्थ्यानं तेव्हा विचारलं होतं, ‘सर, मग एलआयसीनं त्या वर्षी जास्त काय केलं?’ मी म्हणालो, एक ओळ लिहिली. तो हसला. मला मात्र ते पुरतं विनोदी वाटलं नाही.

यात बेकायदा काही नाही, हे पुन्हा सांगतो. संसदेनं कायदा केला, नियामक आहे, टिपेत सगळं छापलं आहे. दुसऱ्या बाजूचे मुद्देही कच्चे नाहीत. खासगी आयुर्विमा कंपन्यांत 90:10 हीच वाटणी पूर्वीपासून आहे, विमा कायद्याच्या कलम 49 प्रमाणे. बाजारात उतरायचं तर एलआयसीला वेगळा नियम कसा ठेवणार? गुंतवणूकदाराला आपला हिस्सा नेमका कशात आहे ते समजलं पाहिजे, त्यासाठी फंड वेगळे करावेच लागतात. बोनसवाल्यांनी बिनबोनसच्या धंद्याची जोखीम घेतली नव्हती, मग त्याच्या नफ्यावर हक्क का सांगायचा, असंही विचारलं जातं.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथेच खरी मेख आहे. जोखीम कुणी घेतली होती? पासष्ट वर्षं सरकारचं भांडवल किती होतं? आधी 5 कोटी, पुढे 100 कोटी. लाखो कोटींच्या देण्यांना एवढं भांडवल आधार देत नसतं. आधार होता तो त्या एकाच फंडाचा, ज्यात बोनसवाल्यांचे हप्ते आणि त्यांना न वाटता मागे ठेवलेली शिल्लक होती. बिनबोनसच्या पॉलिसींमध्ये खोट आली असती तर ती त्याच फंडातून भरून निघाली असती आणि हजारी बोनस घटला असता. तोटा सोसायला जो उभा होता त्याला नफ्याच्या वेळी ‘तुमचा संबंध काय’ असं विचारणं, हे कुठल्याही भागीदारीत चालणार नाही. सरकारची हमी होती, कलम 37, आणि ती आजही आहे. पण ती विमा रकमेची आणि जाहीर झालेल्या बोनसची हमी आहे. जो बोनस अजून जाहीरच व्हायचा आहे त्याला ती लागू नाही, आणि लेखाधोरण काम करतं ते नेमकं बोनस जाहीर होण्याच्या आधी.

खासगी कंपन्यांशी तुलनेचं उत्तर सोपं आहे. तिथल्या ग्राहकानं 90:10 माहीत असलेल्या दुकानातून माल घेतला. एलआयसीचा जुना ग्राहक 95 च्या दुकानात शिरला होता आणि बाहेर पडताना त्याला 90 ची पावती मिळाली. नव्या पॉलिसींना नवा नियम लावला असता तर माझी तक्रार नव्हती.

राहिला पॉलिसीधारकांना सवलतीत शेअर देऊन भरपाई केली, हा मुद्दा. मे 2022 मध्ये सरकारनं एलआयसीचे शेअर पहिल्यांदा विकायला काढले तेव्हा 949 रुपयांच्या शेअरवर पॉलिसीधारकाला 60 रुपये सूट होती, म्हणजे 889 ला मिळाला. 17 मेला मुंबई शेअर बाजारात पहिला सौदा 867 च्या आसपास झाला. पण शेअर वर गेला असता तरी माझं म्हणणं बदललं नसतं. जमिनीतला हिस्सा काढून घेतल्यावर त्याच जमिनीचा तुकडा थोड्या सवलतीत विकत घ्यायची संधी देणं, याला भरपाई म्हणत नाहीत. आणि डीमॅट खातं नसलेले, शेतावर राबणारे, दर सहा महिन्यांनी हप्त्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करून ठेवणारे किती? त्यांना तीही संधी नव्हती.

यापेक्षा बरी पद्धत असू शकते का, तर असते. ब्रिटनमध्ये अविवा कंपनीच्या बोनसवाल्या फंडांत वर्षानुवर्षं साचलेली, कुणालाच न वाटलेली शिल्लक होती. तिकडे तिला ‘वारशाची इस्टेट’ म्हणतात. तिच्यातला हिस्सा कंपनीला हवा होता. तिथे काय झालं? पॉलिसीधारकांच्या बाजूनं वाटाघाटी करायला क्लेअर स्पॉटिसवुड नावाच्या बाई स्वतंत्र प्रतिनिधी म्हणून नेमल्या गेल्या. त्यांनी कंपनीशी जाहीरपणे भांडण केलं. शेवटी हक्क सोडण्याच्या बदल्यात पॉलिसीधारकांना रोख रक्कम देऊ केली गेली आणि 2009 मध्ये न्यायालयाच्या मंजुरीनं योजना पार पडली. मिळालेली रक्कम पुरेशी होती का, यावर तिकडेही वाद झाले. पण विचारलं गेलं. किंमत लावली गेली. भिंत घालण्याआधी दोन्ही भावांना बैठकीला बोलावलं. आपल्याकडे हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला तो वित्त विधेयकातून असा बदल करता येतो का, या अंगानं. 12 मे 2022 रोजी न्यायालयानं केंद्राला नोटीस काढली, पण शेअर विक्रीला स्थगिती दिली नाही.

एलआयसीच्या पैशाबद्दल हा देश एके काळी फार जागरूक होता. 1957 मध्ये उद्योगपती हरिदास मुंद्रा यांच्या सहा कंपन्यांत महामंडळानं सव्वा कोटीच्या आसपास रुपये घातले. फिरोज गांधींनी लोकसभेत जाब विचारला, न्यायमूर्ती छागलांनी मुंबईत उघड सुनावणी घेतली आणि अर्थमंत्री कृष्णम्माचारींना पायउतार व्हावं लागलं. सव्वा कोटीसाठी! तेव्हा पैसा घराबाहेर गेला होता, म्हणून दिसला. घरातल्या घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेला की कुणाला दिसत नाही.

उलट जे दिसतं त्यावर आपण नको तेवढा गोंधळ घालतो. 2023 च्या जानेवारीत अदानी समूहाचे शेअर कोसळले तेव्हा ‘एलआयसीचे इतके हजार कोटी बुडाले’ असे मथळे रोज येत होते. 30,127 कोटींना घेतलेल्या त्या शेअरची किंमत 27 जानेवारीला 56,142 कोटी होती, असं महामंडळानंच तेव्हा जाहीर केलं. मुद्दा असा की लेखाधोरणाप्रमाणे न विकलेल्या शेअरची अशी चढउतार नफ्यातोट्यात जातच नाही. ती ‘वाजवी मूल्य बदल खात्या’त बाजूला साठवली जाते, आणि ती बोनस म्हणून वाटताही येत नाही. हे धोरण मला मान्य आहे. तीस वर्षांच्या धंद्याला रोजच्या बाजारभावाच्या तालावर नाचवू नये. पण बुडाले की नाही यावर महिनाभर चर्चा झाली, आणि त्याच्या तीनच महिने आधी एका टिपेनं चौदा हजार कोटी इकडचे तिकडे नेले त्यावर चार ओळी आल्या.

आता विम्याच्या हिशोबाचं नवं मानक बघू. आंतरराष्ट्रीय मानक 17 हे मे 2017 मध्ये ठरलं आणि जगात 1 जानेवारी 2023 पासून लागू झालं. आपल्याकडची त्याची आवृत्ती, इंड एएस 117, कंपनी व्यवहार मंत्रालयानं ऑगस्ट 2024 मध्ये अधिसूचित केली. विमा कंपन्यांना नवी मानकं लावायची पहिली तारीख 2018 ची होती. ती पुढे-पुढे जात राहिली. नव्या मानकात मला दोन गोष्टी आवडतात. एक, पॉलिसी विकली त्याच दिवशी नफा दाखवायचा नाही. तो वेगळ्या खात्यात राखून ठेवायचा आणि सेवा देत जाल तसा उत्पन्नात आणायचा. तोट्याची पॉलिसी असेल तर मात्र तोटा लगेच दाखवायचा. दुसरी, हप्त्यातला जो भाग कसंही झालं तरी ग्राहकाला परत द्यायचाच आहे, तो उत्पन्न म्हणून मिरवायचा नाही. 2023-24 मध्ये पावणेपाच लाख कोटींचं हप्ता-उत्पन्न दाखवणाऱ्या एलआयसीचा आकडा यानंतर बराच बारीक दिसेल, आणि ते बरंच आहे. बँक काही ठेवींना उत्पन्न म्हणत नाही. पण फंड कुणाचा, वाटणी कशी, याचं उत्तर हे मानक देत नाही. ते कायद्यानं ठरलेली वाटणी घेऊन पुढचा हिशोब मांडतं.

म्हणून मागणी वेगळी करावी लागेल. बोनसवाल्या फंडांवर लक्ष ठेवायला ‘विथ प्रॉफिट्स कमिटी’ नेमायचा नियम आपल्याकडे आहे. तिच्यात स्वतंत्र संचालक असतो, मुख्याधिकारी असतो, कंपनीचा आणि बाहेरचा ॲक्च्युअरी असतो. ज्याचा फंड, त्याचं माणूस नसतं. ते हवं, आणि कमिटीचा अहवाल नियामकाच्या कपाटात न जाता पॉलिसीधारकाला मिळायला हवा. शिल्लक एका खात्यातून दुसऱ्यात नेणारा कुठलाही धोरणबदल करण्याआधी स्वतंत्र ॲक्च्युअरीनं ‘यात कुणाचं किती कमी होतं’ हे रुपयांत लिहावं आणि हरकतींना मुदत द्यावी. पंधरा दिवस नको, तीन महिने द्या. इथे माणसं कोट्यवधी आहेत. आणि वर्षातून एकदा हप्त्याच्या पावतीसोबत एक पान यावं, मराठीत: यंदा देणी मोजताना व्याजदर किती धरला, गेल्या वर्षी किती होता, फंडात शिल्लक किती निघाली, तुम्हाला किती दिली, भागधारकांना किती, मागे किती ठेवली.

एवढ्या आकड्यांतलं लोकांना काय कळणार, असं एका निवृत्त विमा अधिकाऱ्यानं मला ऐकवलं. मी त्यांना गावच्या चावडीवर घेऊन जायला तयार आहे. ज्या माणसाला आणेवारी, पोटखराबा आणि सामाईक विहिरीतला दोन आणे हिस्सा तोंडपाठ असतो, त्याला 95 आणि 90 मधला फरक समजावायला कुणा ॲक्च्युअरीची गरज पडणार नाही.